२४ × १२ × १५ ची टाकी : हे पाच मासे कोणते, आणि पुढे काय ठेवावं?

निवटी (मुलुंड)

नमस्कार मंडळी. शेजारचं कुटुंब घर बदलून गेलं आणि त्यांची टाकी माशांसकट माझ्याकडे आली. माप २४ × १२ × १५ इंच, काच ६ मिमी, मागे टांगायचा फिल्टर ताशी ४०० लिटरचा, तळाला दीड इंच बारीक खडी. हीटर नाही. देण्याआधी त्यांनी फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून उन्हात वाळवला होता आणि खडीही धुतली होती. गेल्या आठवड्यात टाकी इथे लावली.

आज सकाळचे आकडे : तापमान ३०, पीएच ७.०, अमोनिया ०.५ पीपीएम, नायट्राइट ०.२५, नायट्रेट १०, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १४०. नळाच्या पाण्याचा टीडीएस ७०. सोसायटीत टँकर आला की तोच ५०० च्या वर जातो.

मासे पाच. नावं दुकानात सांगितलेली, वर्णन माझं.

पहिला 'शार्क' : ७ सेंमी, रुपेरी राखाडी, खवले दिसत नाहीत, तोंडाशी मिशा, डोक्याकडून शेपटीकडे जाणारे दोन काळपट पट्टे. दिवसभर काचेला लागून वरखाली करतो, दिवा लावला की धडकतो.
दुसरा 'सकर' : ९ सेंमी, तपकिरी, ठिपकेदार, अंगावर खरखरीत कडक कवच, पाठीवरचा पर उंच.
तिसरा 'गोल्डन सकर' : ६ सेंमी, पिवळा, सडपातळ, तोंडाने काचेला चिकटतो, अंगावर कवच नाही.
चौथा आणि पाचवा एकाच ठेवणीचे, ४ सेंमी, बाजूने चपटे. एक चंदेरी, पुढच्या अर्ध्या अंगावर दोन उभे काळे पट्टे, मागचा अर्धा काळसर. दुसरा अगदी गडद गुलाबी.

दुकानातून सुचवलेली भर : निऑन १०, मॉली ४, एंजल २, टायगर बार्ब ६ आणि एक पॅरट. यांतलं काय घ्यावं? आणि आहेत त्यांतलं काय ठेवावं?

पाणकावळा

वर्णन नेमकं आहे, त्यामुळे फोटोशिवायही बरंच सांगता येतं.

'शार्क' म्हणजे पँगासियस. आपल्याकडे शार्क म्हणून तीनचार निरनिराळे मासे विकतात, त्यामुळे खात्री करून घ्या. बाला शार्कला मोठे चकाकते खवले आणि परांना काळी किनार असते, मिशा नसतात. रेडटेल किंवा रेनबो शार्क काळा-राखाडी असतो आणि शेपटी लाल. खवले नाहीत, मिशांच्या दोन जोड्या आणि लहानपणी अंगावर लांब पट्टे, हे पँगासियसचं. मूळचा मेकाँग नदीचा, एक मीटरच्या वर वाढतो. बासा म्हणून जे फिले विकले जातात, ते बहुतेक याच माशाचे. तो घाबरट आहे, नजर अधू आहे आणि लांब सरळ पोहण्यासाठी घडलेला आहे. दोन फुटांत त्याला वळायलाही जागा नाही, म्हणून तो धडकतो. नाक सोललं की तिथे बुरशी धरते.

'गोल्डन सकर' म्हणजे पिवळ्या जातीचा चायनीज अल्गी ईटर, शास्त्रीय नाव गायरिनोकायलस. त्याच्या कल्ल्याच्या झाकणावर, वरच्या टोकाला आणखी एक बारीक छिद्र दिसेल. तोंड काचेला लावलेलं असताना तो तिथून पाणी आत घेतो, म्हणून त्याचे कल्ले इतरांपेक्षा फार भरभर हलतात. लहानपणी शेवाळ खातो. मोठा झाला की शेवाळ सोडून चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो. २० सेंमीच्या पुढे जातो. सयामी अल्गी ईटर वेगळा आणि कामाचा. त्याची काळी रेघ नाकापासून निघून शेपटीच्या परातून थेट टोकापर्यंत जाते आणि तिची कड करवतीसारखी असते.

शेवटचे दोन विडो टेट्रा. चंदेरी-काळा हा मूळ रंग. गुलाबी दोन प्रकारचे येतात : रंग टोचलेले किंवा रंगात बुडवलेले, आणि जनुक बदलून तयार केलेले. निळ्या दिव्याखाली झळाळून उठला तर जनुकाचा, तो रंग आयुष्यभर टिकतो. रंगवलेल्याचा काही महिन्यांत फिका पडतो. रंगवताना माशाच्या अंगावरचा रक्षक थर जातो किंवा सुईची जखम होते आणि त्यातून संसर्ग होतो. असे मासे विकत घेऊ नयेत, मागणी असेल तोवर ते येत राहतील. पण तुमच्याकडे आहे तो जगवा, त्याला वेगळं काही लागत नाही.

राहिला 'सकर'. पाठीवरचा पर पूर्ण उघडेल तेव्हा पुढचा जाड काटा सोडून मागच्या काड्या मोजा. दहा किंवा जास्त असतील तर टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे ४० सेंमीचा मासा. सात-आठ असतील आणि डोकं रुंद, बसकं असेल तर ब्रिसलनोज असू शकतो, तो १२-१५ सेंमीवर थांबतो. ब्रिसलनोजच्या मोठ्या नराच्या नाकाडावर मांसल फाटे फुटतात.

निवटी

मोबाइलवर व्हिडिओ काढून थांबवून मोजल्या. बारा. चायनीज अल्गी ईटरचं वरचं छिद्रही दिसलं. निळ्या दिव्याखाली गुलाबी मासा झळाळत नाही.

शेवंड

मग टेरिगोप्लिक्थिसच. पँगासियस, हा आणि चायनीज अल्गी ईटर, तिघेही या टाकीतून गेले पाहिजेत. कुठे जाऊ नयेत, ते आधी सांगतो : पवई तलाव, विहार, सोसायटीची विहीर, देवळाचा तलाव, नाला. मासा 'मोकळा सोडला' की त्याचं भलं होतं, ही समजूत फार खोल रुजली आहे आणि नुकसान तिनेच केलं आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत आणि आंध्रातल्या तलावांत हाच टेरिगोप्लिक्थिस माजला आहे. तो काठ पोखरून बिळं करतो आणि काटेरी परांनी मासेमाराची जाळी फाडतो. हवा गिळून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे घाण पाण्यातही मरत नाही.

करायचं काय : शोभेच्या माशांची जुनी दुकानं मासे परत घेतात. पैसे मिळतीलच असं नाही, पण बदल्यात खाद्य किंवा वनस्पती देतात. फोन करून विचारा आणि मासा किती सेंमीचा आहे ते सांगा. मोठं तळं किंवा सहा फुटी टाकी असलेला कुणी ओळखीचा असेल तर उत्तमच. नेताना सकरला पिशवीत घालू नका, त्याचे काटे पिशवी फोडतात. झाकणाच्या डब्यातून न्या, झाकणाला भोकं पाडा.

'टाकी साफ ठेवायला सकर हवाच' असं ऐकाल. शेवाळ प्रकाश आणि खाद्यामुळे येतं. दिवा दिवसाला सहा-सात तासांवर आणा आणि टाकीवर खिडकीचं थेट ऊन पडत नाही ना ते बघा. पुढच्या काचेला जुनं एटीएम कार्ड पुरतं. एवढा मोठा सकर जेवढं शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो.

मुडदुशी

मॉली घ्यायच्या असतील तर मुंबईचं पाणी त्यांना फार मऊ पडतं, हे लक्षात घ्या. मऊ पाण्यात मॉली एका जागी उभी राहून थरथरते, पर मिटून घेते. आजार वाटतो आणि लोक औषध घालतात, खरं कारण पाण्यातल्या क्षारांची कमतरता. कोंबड्यांसाठी मिळतो तो शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवायचा, ५० लिटरला तीन-चार चमचे. गप्पींनाही त्याने बरं वाटतं. त्या जास्त सोशिक, डासांच्या अळ्यांसाठी टाक्यांत सोडतात त्या याच.

कोळंबी

मुडदुशीताई, मॉलीबद्दल पूर्ण सहमत. पण निवटी, चुरा आत्ता घालू नका.

तुमचे आकडे सांगतात की स्पंज वाळला तेव्हा त्यातले जिवाणू मेले. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते पुन्हा वाढेपर्यंत माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य थेट अमोनियावर जातं. सध्या तुम्हाला वाचवतोय तो ७.० पीएच. या पीएचला, ३० अंशांवर, किटने मोजलेल्या अमोनियातला एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. शिंपल्याने पीएच ८ ला नेला तर तोच भाग सात टक्क्यांच्या आसपास जातो. आकडा ०.५ चाच राहील, पण मासे दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर धापा टाकतील.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य होईपर्यंत असं करा. टाकीत प्रत्यक्ष पाणी ५५ लिटरच्या आसपास आहे (खडी आणि वरची दोन इंच मोकळी जागा वजा केली). रोज एक बादली, म्हणजे १६-१७ लिटर बदला. खाद्य एक दिवसाआड, मिनिटभरात संपेल एवढंच. नायट्राइटसाठी साधं मीठ, १० लिटरला १ ग्रॅम. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. पाणी बदललं की फक्त नव्या पाण्याच्या हिशेबाने घाला, नाहीतर मीठ साचत जाईल. स्पंज यापुढे नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा.

लवकर व्हायला हवं असेल तर एकच खात्रीचा मार्ग : कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला वापरातला स्पंज. ओला आणा, दोन तासांत लावा. तसं झालं तर आठवड्याभरात आकडे उतरतात. नाहीतर या तापमानाला तीन ते पाच आठवडे धरा.

नळाचं पाणी : महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की वासही जास्त येतो. बादलीत एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून २४ तास ठेवा किंवा अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला. आरओचं पाणी अजिबात नको. नळाला येणारं तलावांचं पाणी मुळातच मऊ आहे. आरओने उरलासुरला कार्बोनेटही गेला की पीएचला धरून ठेवणारं काही उरत नाही, तो एका रात्रीत साडेसहाखाली घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं.

टँकरचं पाणी हा तुमच्याकडचा खरा धोका. ७० वरून ५०० वर एकदम गेलं तर माशांना ते सोसत नाही. पाणी बदलण्याआधी दर वेळी टीडीएस पेन बुडवा. एक ४० लिटरचा पिंप नळाच्या पाण्याने भरून ठेवला तर पाणीकपातीतही दोन वेळा बदलता येतं.

पाणकावळा

आता निवड. दुकानाची यादी एक-एक करून बघू.

पॅरट हा संकरित सिक्लिड, १८-२० सेंमी होतो, एकट्यालाच ही टाकी अपुरी. टायगर बार्ब आणि एंजल एकत्र कधीच नकोत, बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. एंजल वाढली की परांसकट उंची २० सेंमीच्या वर जाते आणि रात्री ती निऑन गिळते. मॉलीला कठीण पाणी हवं, निऑनला मऊ. म्हणजे पाच नावांत तीन भांडणं आधीच ठरलेली.

निऑनचा प्रश्न तापमानाचा आहे. तो थंड झऱ्यांचा मासा, २२ ते २६ त्याला मानवतं. ऑक्टोबर हीट आणि एप्रिल-मे मिळून मुंबईतल्या टाक्या कितीतरी आठवडे ३०-३१ वर असतात. तिथे निऑन लगेच मरत नाही, पण आयुष्य आखडतं आणि आजार चटकन धरतो. त्याऐवजी कार्डिनल टेट्रा. तो रिओ निग्रोच्या कोमट, मऊ पाण्यातला, आपल्या पाण्याला जणू नेमून दिलेला. ओळख सोपी : निऑनचा लाल पट्टा अंगाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत, कार्डिनलचा गळ्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण पोटावर. ग्रीन निऑन म्हणून तिसरा येतो, त्यात लाल जेमतेम दिसतो. दुकानात निऑन आणि कार्डिनल एकाच टाकीत मिसळलेले असतात, तेव्हा जाळीत आल्यावर प्रत्येकाचं पोट बघून घ्या.

तळाला कोरिडोरास स्टर्बाय (तळाशी वावरणारे मिशाळ मासे, थोडक्यात 'कोरी') सहा. बहुतेक कोरींना गरम पाणी नको असतं, स्टर्बायला ३० पर्यंत चालतं. गडद डोक्यावर पांढरे ठिपके आणि छातीच्या परांचे काटे नारिंगी, ही खूण. फिकट डोक्यावर काळे ठिपके असतील तर तो दुसरा कोरी. खडीने त्यांच्या मिशा झिजतात, तेव्हा अर्ध्या तळाला तरी बारीक गोल वाळू टाका. समुद्राची नको, तिच्यातल्या शिंपल्याच्या कणांनी पीएच चढतो. कोरी अधूनमधून वर झेप घेऊन हवा गिळतात, ते नेहमीचं. सतत घेत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे.

वरच्या थरात हनी गोरामी, एक नर आणि दोन माद्या. हा आपल्याच ईशान्येकडचा आणि बंगालचा मासा, ५ सेंमीचा, शांत. इथे फसगत होते. 'सनसेट हनी' म्हणून थिक-लिप गोरामी देतात, तो ९-१० सेंमी होतो, अंगाने जाड आणि ओठ ठसठशीत. ड्वार्फ गोरामीच्या अंगावर निळे-लाल तिरपे पट्टे असतात. तो देखणा आहे, पण त्याच्या व्यापारी पैदाशीत एक विषाणू पसरला आहे आणि त्यावर इलाज नाही, म्हणून मी सुचवत नाही.

बारा कार्डिनल, सहा स्टर्बाय, तीन गोरामी. ५५ लिटरला एवढं भरपूर झालं.

विडो टेट्रा मात्र यात बसत नाहीत. दोघंच असले की ते गोरामीचे धाग्यासारखे पर कुरतडतात. ते ठेवायचेच असतील तर दुसरा बेत करा : त्यांची संख्या सात करा (बाकीचे पाच मूळ काळ्या रंगाचे) आणि तळाला स्टर्बाय. मग गोरामी आणि कार्डिनल दोन्ही रद्द. रंग कमी दिसेल, पण विडोंची टोळी एकमेकांत गुंतते तेव्हा बघण्यासारखी असते.

शेवंड

क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, मासा दाखवल्या-दाखवल्या पिशवीत घेऊ नका. दहा मिनिटं टाकीसमोर उभे राहा. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, मिटलेले पर, आत गेलेलं पोट, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, टेट्राच्या पाठीवर पांढुरका फिका डाग, यांतलं एकही दिसलं तर त्या टाकीतला कुठलाच मासा नको. तळाशी एक मेलेला असला तरी तेच. शेजारच्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरत असेल तर त्याही सोडा. माल कधी आला ते विचारा, कालच उतरलेला असेल तर आठवड्याने या. खाद्य टाकून दाखवायला सांगा. जो खात नाही तो घेऊ नये.

पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू. सकाळी लवकर जा आणि गर्दी सुरू होण्याआधीची लोकल पकडा. पिशवी कापडी झोळीत, अंधारात ठेवा.

निवटी

तिघे मासे घ्यायला एक दुकान तयार झालं. पहिलाच बेत करतो, विडोही तिकडेच देतो. पण मग टाकी रिकामी राहिली तर उगवणाऱ्या जिवाणूंना खायला काय? आणि क्रम कसा ठेवू?

कोळंबी

विडो दोघं शेवटी द्या. तेवढ्या अमोनियावर जिवाणू तग धरतात. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य दिसले की आधी सहा कोरी. त्यांच्याआधी ५० टक्के पाणी बदलून मीठ उतरवा, कोरींना मीठ सोसत नाही. मग दोन आठवडे थांबून सहा कार्डिनल, आणखी आठवड्याने उरलेले सहा, विडो त्याच्या आधी बाहेर. गोरामी सर्वांत शेवटी, म्हणजे टाकी आपल्या मालकीची समजून ते दादागिरी करत नाहीत. शिंपल्याचा चुरा तेव्हाही एक चमचाच, पीएच ६.८ खाली जायला लागला तर.

प्रत्येक तुकडी आधी वेगळ्या २० लिटरच्या टबात तीन आठवडे. त्यासाठी लागणारा छोटा स्पंज फिल्टर आजच मोठ्या टाकीत लावून ठेवा, दोन्हीकडे एकदमच तयार होईल. त्याच्या बुडबुड्यांचा आणखी उपयोग : २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३० ला साडेसातच, ती उणीव बुडबुडे भरून काढतात. सोडताना बंद पिशवी वीस मिनिटं तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टबातलं पाणी पिशवीत घाला. तासाभराने मासे जाळीने उचला. दुकानाचं पाणी बेसिनमध्ये.

उन्हाळ्यासाठी झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावता येतो. आपल्या दमट हवेत त्याने एक-दोन अंशच उतरतात, पण ३२ चं ३० होणं कोरींना पुरतं. वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा, कार्डिनल उड्या मारतात. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, दिवसातून चार अंश वरखाली झालं की पांढरे ठिपके आलेच.